मुरडे चौदा यांना मेमो

भिवसरच्या मोजणी कार्यालयात एक मैलाचा दगड कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाला, तेव्हा पहिली अडचण आली ती खुर्चीची. कचेरीत जादा खुर्च्या तीन होत्या. पहिली मोडली, दुसरी मोडली, आणि तिसरी मोडायच्या आत पर्यवेक्षक शालन जगदाळे यांनी हमालांना थांबवलं.

नेमणुकीत गैर काही नव्हतं. भिवसर-मुरडे रस्ता चौपदरी होत होता, आणि त्या कामात जागा गेलेल्या प्रत्येकाला एक सरकारी नोकरी द्यायची, असा नियम होता. जागा गेलेला माणूसच असावा अशी अट नियमात कुठे नव्हती. हा दगड एकसष्ट वर्षं एका जागी उभा होता, त्याची जागा गेली होती, कागदपत्रं बिनचूक होती. अंगावर 'मुरडे १४' असं कोरलेलं होतं, म्हणून जिल्ह्याच्या बाबूने आडनाव मुरडे, नाव चौदा असं लिहून हात झटकले. मुरडे गाव दगडाने कधी पाहिलेलं नव्हतं. पण आपल्यातही गावाचं नाव लावणारे किती जण त्या गावाला जाऊन आलेले असतात?

आदेशासोबत एक परिपत्रक होतं. नव्या कर्मचाऱ्यास कार्यालयात सामावून घेण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाची राहील. एका वर्षाने नऊ रकान्यांचा अहवाल पाठवावा. कर्मचारी सहकाऱ्यांत मिसळला किंवा कसे, हे रकाना नऊमध्ये लिहावे. मिसळला नसल्यास सेवा समाप्त करून त्यास मूळ ठिकाणी परत करावे. मूळ ठिकाणी आता ठेकेदाराने खडी फोडायचं यंत्र बसवलं होतं. वारा तिकडून असला की त्याची घरघर कचेरीत ऐकू येई. जगदाळे मॅडमनी परिपत्रकातलं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि खिडकी लावून घेतली.

"ओटा बांधून टाकू या," वरिष्ठ लिपिक तानवडे म्हणाले. "चार विटा आणि सिमेंट. एकदाच काय तो त्रास."

"ओटा नको. सगळ्यांसारखं बसायचं."

"सगळ्यांसारखं म्हणजे खुर्चीवर. मला माझी खुर्ची मिळायला अकरा वर्षं लागली, मॅडम. यांनी सकाळपासून दोन मोडल्या."

शेवटी लाकडाच्या वखारीतून बाभळीचा एक ओंडका आला. तो बसका होता म्हणून टेबलाचे पाय नऊ इंच कापले. मग मुरडे चौदा टेबलाशी बसल्यासारखे दिसू लागले आणि पहिला दिवस मार्गी लागला.

दुसऱ्या दिवशी हजेरीचा घोळ झाला. हात नाही, म्हणजे सही नाही आणि अंगठाही नाही. मॅडमनी तास-दीड तास विचार केला आणि शिपाई हौसाबाईंना बोलावलं. हजेरीपत्रकाचं पान दगडाच्या अंगावर धरायचं आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची. अक्षरं आपोआप कागदावर उमटली: मुरडे १४. सही म्हणजे ज्याची त्याची खूण, आणि ही खूण दुसरा कोणी करू शकत नव्हता. तेव्हापासून रोज दहा वाजता हौसाबाई पेन्सिल घेऊन जात. घासताना त्या हलक्या हाताने घासत, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तशा.

कामाचं मात्र काही जमेना. आवक-जावक दिली, जमली नाही. टंकलेखन द्यायचा प्रश्नच नव्हता. दगड बोलत असे, पण फक्त अंतर विचारलं तर. 'चहा घेणार का' म्हटलं की गप्प. 'बरं वाटतंय ना' म्हटलं की गप्प. तानवडे म्हणत, "यापेक्षा आमचं कपाट बोलकं आहे, दार तरी वाजतं." मॅडमना रात्री जेवण गोड लागेना. वर्षाचे दोन महिने सरले होते आणि नवव्या रकान्यात लिहिण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

मग एके दिवशी पाटणे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, बांधाच्या मोजणीचा अर्ज देऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. दर सोमवारी येत, 'चालू आहे' हे उत्तर घेत आणि जात. त्या सोमवारी चौकशीच्या खिडकीशी कोणीच नव्हतं. गुरुजींनी थकून मुरड्यांच्या टेबलावर हात टेकले आणि स्वतःशीच म्हणाले, "किती लांब आहे हो अजून माझी मोजणी?"

"तीन टेबलं," दगड म्हणाला. "दोन सह्या. पावणेपाच महिने."

गुरुजी खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पावणेपाच महिने जास्त वाटले म्हणून नव्हे. दीड वर्षात पहिल्यांदा कोणी खरं बोललं म्हणून.

मॅडमनी त्याच संध्याकाळी आदेश काढला: चौकशीची खिडकी श्री. मुरडे यांच्याकडे. कोणाला काय जमत नाही याची यादी करण्यात आपण दोन महिने घालवले, याची त्यांना लाज वाटली. लोक येऊ लागले. अर्ज किती दूर आहे ते विचारू लागले, आणि दगड सांगू लागला. कोणाला नऊ दिवस, कोणाला दोन टेबलं आणि एक नकार. नकार ऐकूनही माणसं शांतपणे घरी जात. अंतर कळलं की माणूस चालायला लागतो, मग ते कितीही असो.

तानवड्यांना तेवढं पटलं नाही. एका बाईने आपल्या अर्जाचं अंतर विचारलं, तेव्हा दगड सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तानवड्यांच्या टेबलापासून तानवड्यांच्या टेबलापर्यंत. एक वर्ष."

"ही गोपनीय माहिती आहे!" तानवडे उसळले. पण अर्ज दुसऱ्या दिवशी हलला.

दुपारच्या जेवणाला सगळे दप्तराच्या खोलीत लांब बाकावर बसत. मॅडमनी गठ्ठे वाहायच्या गाडीवरून मुरड्यांनाही तिथे न्यायला सांगितलं. त्या स्वतः मात्र आपल्या खोलीत जेवत. सात वर्षांपूर्वी पर्यवेक्षक झाल्या तेव्हापासूनची ही पद्धत. साहेब लोक समोर असले की माणसं मोकळी बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. दाराच्या फटीतून त्यांना हसणं ऐकू येई, आणि आपलं काम बरं चाललंय असं वाटे. हौसाबाई रोज भाकरीचा एक तुकडा दगडापुढे ठेवतात, हेही त्यांनी फटीतून पाहिलं होतं. त्यांना त्याचं कौतुकच वाटलं. चूक तिथेच सुरू झाली होती, हे त्यांना फार उशिरा कळलं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला कचेरीत हत्यारांची पूजा असते. मोजणीवाल्यांची हत्यारं म्हणजे साखळ्या, दुर्बिणी, नकाशाच्या फूटपट्ट्या आणि आता संगणक. नेमकं त्या दिवशी मॅडमना जिल्ह्याला प्रशिक्षण होतं. विषय होता 'सर्वांना सामावून घेणारे कार्यालय'. मॅडम तिथे टिपणं काढत असताना इकडे हौसाबाई तबक घेऊन कचेरीभर फिरत होत्या. साखळीला हळदकुंकू, दुर्बिणीला हळदकुंकू, संगणकाला झेंडूचा हार. असं करत करत त्या चौकशीच्या खिडकीपाशी आल्या. समोर मुरडेभाऊ. हात थबकला नाही. दगडाला हळदकुंकू लावायला मराठी बाईचा हात कधी थबकला आहे?

दसऱ्याला सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली, गळाभेटी झाल्या. मुरड्यांना पान कोणी दिलं नाही. पानं त्यांच्या पायाशी ठेवली गेली.

त्यानंतर आठवडाभरात कोणीतरी शेंदूर लावला. मग नारळ आला, मग अगरबत्ती. पाटणे गुरुजींसारखा शिकला-सवरलेला माणूस आला, त्याने अंतर विचारलं नाही, चपला काढल्या, डोळे मिटले आणि म्हणाला, "एवढी मोजणी होऊ दे."

दगड गप्प.

रोज पन्नास-साठ माणसं येत. होऊ दे, मिळू दे, सुटू दे. दगडाला यातल्या कशाचंच उत्तर देता येत नव्हतं. दुपारी गाडीवरून त्यांना बाकाशी न्यायचंही थांबलं, कारण देवासमोर उष्टंखरकटं कसं सांडायचं? दहा वाजता हौसाबाई पेन्सिल घासायला गेल्या, तर शेंदराखाली अक्षरंच उमटेनात. हजेरीपत्रकात नुसता केशरी डाग पडू लागला.

तानवडे खूश होते. खिडकीतून आता कोणाचं वर्षभराचं अंतर बाहेर पडत नव्हतं. त्यांनी एक प्रस्ताव लिहिला आणि तो घेऊन ते मॅडमसोबत उपअधीक्षक रणपिसे साहेबांसमोर उभे राहिले. रणपिसे साहेब सज्जन गृहस्थ. कोणाला नाही म्हणायचं जिवावर येई, म्हणून नियमालाच नाही म्हणू देत.

"सहकाऱ्यांनी डोक्यावर घेतलंय म्हणता ना? मग रकाना नऊमध्ये लिहून टाका, अत्यंत सन्मानाने सामावून घेतले," ते म्हणाले.

"साहेब, पण कर्मचारी देव झाला असेल तर पद रिक्त होतं," तानवडे म्हणाले. "आस्थापनेवर देव बसत नाही. हजेरीवर सहीही नाही महिनाभर."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "खरं आहे. नाव कमी करावं लागेल." पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आणि नाव कमी झालं की सरकारी आवारात विनापरवाना देवस्थान होतं. ते हटवावं लागेल."

"हटवून कुठे न्यायचं?" मॅडमनी विचारलं.

"मूळ ठिकाणी."

 लांबून खडीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. तानवड्यांनी प्रस्ताव मागे घेतला नाही, पण कागद घट्ट धरून ठेवला. इथवर जाईल असं त्यांच्या मनात नव्हतं, एवढं खरं.

साडेपाचला कचेरी रिकामी झाल्यावर मॅडम चौकशीच्या खिडकीशी गेल्या. झेंडूचे हार सुकले होते. त्यांनी नमस्कार केला नाही, खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मुरडेसाहेब, तुमच्यात आणि या कचेरीत किती अंतर आहे?"

"शेंदराच्या थराएवढं," दगड म्हणाला.

 मॅडमना स्वतःची नोकरीची पहिली वर्षं आठवली. या कचेरीत त्या पहिल्या बाई. त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली होती. पाहुणा आला की ओवाळायला त्या, सरस्वतीच्या तसबिरीला हार घालायला त्या, सगळे अदबीने 'ताई, ताई' करत. आणि मोजणीला शिवारात न्यायचं नाव कोणी काढत नसे, कारण ताईंना उन्हात कसं न्यायचं? सहा वर्षं त्यांनी साखळीला हात लावला नव्हता. मग एक खाष्ट साहेब आले. नकाशात चूक सापडली म्हणून त्यांनी भर कचेरीत मॅडमना झापलं, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक दुरुस्त करायला शिवारात पाठवलं. त्या दिवशी घरी जाऊन त्या रडल्या होत्या. नवऱ्याला वाटलं अपमानाने रडते आहे. त्यांनी त्याला सांगितलं नाही की आनंदाने.

सकाळी दहा वाजता जगदाळे मॅडमनी कनिष्ठ लिपिक मुरडे चौदा यांना मेमो दिला.

मेमो सगळ्यांसमोर वाचला गेला. 'आपण खंडेनवमीपासून जनतेच्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. हजेरीपत्रकावर आपली सही नाही. आपले वर्तन शिस्तीस धरून नाही. आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खुलासा लिहिण्यासाठी सहकाऱ्याची मदत घेता येईल.'

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मॅडम, अवो देवाला मेमो? कुठं फेडाल हे?"

"हौसाबाई, मेमो आलेला देव कधी पाहिलाय तुम्ही?"

हौसाबाईंनी खूप आठवून पाहिलं. कुलदैवतापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत सगळे मनात फिरून आले. "न्हाई बा," त्या म्हणाल्या.

"मग?"

 हळूहळू हौसाबाईंचा चेहरा बदलला. "अगं बया," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातनं झालं की हे सारं." आणि खोबरेल तेलाची बाटली आणि फडकं घेऊन आल्या. शेंदूर तेलाने सुटतो. दुपारपर्यंत त्या पुसत होत्या आणि मधूनमधून, "मुरडेभाऊ, मला काय ठावं? तुम्ही तरी बोलायचं की," असं पुटपुटत होत्या.

खुलासा कोण लिहिणार, हा प्रश्न होता. मॅडमच्या मनात जमिनी मोजणारी भूकरमापक रेश्मा मुल्ला होती. मुलगी नवी, मनमिळाऊ. पण तिला उभ्या आयुष्यात एकही मेमो आला नव्हता. तिने लिहायला घेतलं ते 'माफ करा' या शब्दांपासून. ते तानवड्यांच्या कानावर पडलं.

"काय लिहिते आहेस? माफी?" तानवडे ताडकन उठले. "पहिल्याच मेमोला माफी मागितली की माणूस संपला. सरक तिकडे." तानवड्यांना आजवर नऊ मेमो आले होते आणि नऊच्या नऊ खुलासे मान्य झाले होते. कचेरीत त्यांचा दरारा होता तो याच एका विद्येवर. त्यांनी खुर्ची मुरड्यांच्या टेबलाशी नेली, टोपण काढलं. "हं. बोला, मुरडे. मेमोपासून खुलाशापर्यंत अंतर किती?"

"एक प्रश्न."

"कुठला प्रश्न?"

दगड गप्प. तानवडे विचारात पडले. आजवर त्यांनी या दगडाला टोमणे सोडून काही दिलं नव्हतं. नीट विचारायची ही पहिलीच वेळ. शेवटी पेन कानावर अडकवून त्यांनी विचारलं.

"माणसं तुमच्यापर्यंत येतात, बरोबर? मग त्यांचा प्रश्न कुठवर येतो?"

"उंबऱ्यापर्यंत."

"हां!" तानवड्यांनी टेबलावर थाप मारली. "आता आलं ध्यानात." आणि त्यांनी एका दमात लिहून काढलं: 'खंडेनवमीपासून अर्जदार माझ्याजवळ येतात, परंतु आपले प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून येतात. मला नवस बोलले जातात. नवसाला अंतर नसते. सबब उत्तर देता आले नाही. सही उमटली नाही ती माझ्या अंगावर इतरांनी दिलेल्या थरामुळे. तरी प्रश्न आत सोडावेत आणि मेमो निकाली काढावा, ही विनंती.' खाली हौसाबाईंनी पेन्सिल घासली. अक्षरं लख्ख उमटली.

मॅडमनी खुलासा मान्य केला आणि पुढे असे घडू नये अशी ताकीद दिली. खिडकीवर पाटी लागली: 'येथे फक्त अंतर विचारावे.' नारळवाले दोन-चार दिवस कुरकुरले. दुपारी गाडी पुन्हा मुरड्यांना बाकाशी नेऊ लागली. पाटणे गुरुजींनी चपला न काढता विचारलं, तेव्हा "एक सही, सहा दिवस" असं उत्तर मिळालं. तानवड्यांनी आपला प्रस्ताव कुठे ठेवला ते पुन्हा कोणाला सापडलं नाही. त्यांच्या टेबलावरून कागद न सापडणं ही काही नवी गोष्ट नव्हती.

वर्ष भरलं. मॅडम अहवालाचा कागद घेऊन खिडकीशी गेल्या. आठ रकाने भरलेले होते. नववा त्यांनी मनाने भरायचा नाही असं ठरवलं होतं.

"मुरडेसाहेब, तुमच्यात आणि सहकाऱ्यांत अंतर किती?"

"चार बोटं."

"चार? अजून?"

पण अंतरावर दगड कधी घासाघीस करत नसे. मॅडम दुपारी फटीतून पाहायला गेल्या. बाकावर तानवडे डबा उघडत होते आणि वैतागून म्हणत होते, "मुरडे, अर्धी जागा तुम्हीच अडवली आहे हो. मांडी घालू का नको मी?" त्यांच्या गुडघ्यात आणि दगडात चार बोटांची फट होती. मॅडमनी रकाना नऊमध्ये 'चार बोटे' एवढंच लिहिलं. जिल्ह्याने ते वाचून, मोजून मान्य केलं. महिन्याभराने श्री. मुरडे चौदा यांना सेवेत कायम केल्याचा आदेश आला.

आदेश आला तो नेमका जेवणाच्या सुट्टीत. मॅडम स्वतः तो द्यायला दप्तराच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. कायम झालेल्याने पेढे द्यायचे ही कचेरीची रीत. मुरड्यांच्या वतीने तानवडे आधीच पेढे आणून बसले होते. हौसाबाईंनी पहिला पेढा मॅडमच्या हातावर ठेवला. मॅडमनी तो घेतला, सगळ्यांकडे पाहून हसल्या आणि वळल्या. आपलं काम झालं, आता यांना मोकळं बसू द्यावं.

हौसाबाईंना त्या दिवशी उधाण आलं होतं. त्यांनी उगीच थट्टेने विचारलं, "अन् काय वो मुरडेभाऊ, आमच्या मॅडम आपल्यापास्नं किती लांब?"

"एक भिंत," दगड म्हणाला. "नऊ पावलं. आठ वर्षं."

 तानवड्यांचा घास हातातच राहिला. मॅडम दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. आजवर दगडाने सांगितलेलं एकही अंतर चुकलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या आपल्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, तेव्हा हातात डबा होता. कडीला स्टीलचा चमचा वाजत होता. नऊ पावलं झाली.

तानवड्यांनी मान वर केली नाही. "सरका हो मुरडे," ते म्हणाले. मुरडे काही सरकले नाहीत, म्हणून हौसाबाई सरकल्या, मग रेश्मा सरकली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

"आज काय आणलंय, मॅडम?" रेश्माने विचारलं.

"मेथीची भाजी," मॅडम म्हणाल्या, आणि डबा उघडून मध्ये ठेवला.